बाराचा ठिपका

दातांच्या डॉक्टरकडे एकूण तेवीस घड्याळं होती आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. वेळ सगळी खरी दाखवायची, हो. पण ज्या बड्या कंपन्यांची नावं तबकडीवर मिरवायची, त्या कंपन्यांनी ती जन्मात बघितली नव्हती. डॉक्टर हे लपवतही नसे. कुणी "खरंय का हो?" म्हणून विचारलं की उलट छाती फुगवून सांगे, "छे! खरं काय, कुणीही विकत घेतं. हे मी केलंय."

करायचा म्हणजे काय, तर नवी कोरी नक्कल आणायची, तिची पाठ उघडायची, काटे बदलायचे, सपाट काच काढून फुगीर बसवायची, तबकडी चहाच्या पाण्यात भिजवून पिवळट करायची. मग ती पन्नास वर्षं कुणा पाणबुड्याच्या मनगटावर होती असं वाटेपर्यंत कडा घासत बसायचं. बायकोला यातलं अवाक्षर पटत नसे. "नवं आणायचं, त्याचं जुनं करायचं, आणि मग ते खराब होऊ नये म्हणून मऊ फडक्यात गुंडाळून ठेवायचं," ती म्हणे. "तुम्हाला नेमकं झालंय तरी काय?"

दवाखान्यात तीच बसायची. पेशंटची वही तिच्याकडे, किल्ल्या तिच्याकडे, आणि शेवटचा शब्दही तिचाच. गेल्या वर्षी एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी चूळ भरली आणि भांड्यात टण्णकन काहीतरी पडलं. बघतात तो सेकंदकाटा! बाई आठवडाभर आपल्या पोटात आणखी काय काय असेल या काळजीत होत्या. त्या दिवशी बायकोनं जाहीर केलं, "यापुढे घड्याळाचा एक स्क्रू जरी दवाखान्यात दिसला, तर कपाटासकट सगळं भंगारात. आणि मी बोलते ते करते." करतेच ती. डॉक्टरची व्यायामाची सायकल अशीच गेली होती.

आता अडचण अशी होती की डॉक्टरच्या सगळ्यात लाडक्या घड्याळाचा बाराचा ठिपका गळून पडला होता. पाणबुड्यांच्या घड्याळावर आकड्यांच्या जागी ठिपके असतात, अंधारात हिरवे चमकणारे. लोक त्याला रेडियम म्हणतात. डॉक्टरकडची पूड मात्र अगदी निरुपद्रवी, मुलांच्या खेळण्यात घालतात तसली. ती पूड तो दात भरायच्या मसाल्यात कालवायचा. त्यातही छटा ठरलेली: दिवसाला आठ कप चहा पिणाऱ्या माणसाच्या दाताची. जुन्या ठिपक्याला तंतोतंत जुळते ती, त्यानं शोध लावला होता. पण हा मसाला घट्ट व्हायला निळा दिवा लागतो, आणि निळा दिवा असतो दवाखान्यात.

म्हणून शनिवारी सकाळी, बायको हातमोज्यांची खोकी आणायला गेलीय असं बघून, डॉक्टर चोरासारखा स्वतःच्याच दवाखान्यात शिरला. काळ्या डबीत पूड कालवली, झाकण लावलं, दिवा हातात घेतला, आणि तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

"मेलो!" असं ओरडत बायकोचा थोरला भाऊ आत आला आणि थेट खुर्चीत आडवा झाला.

डॉक्टरनं घड्याळ घाईघाईनं खिशात कोंबलं. "दादा, काय झालं?"

दादानं तोंड उघडलं. पुढच्या दाताचा अर्धा कोपरा गायब. "सुरा," तो म्हणाला. "खिडकीतून चढताना हात मोकळे हवेत, म्हणून सुरा दातात धरायचा असं दिग्दर्शक म्हणाला. आणि आज संध्याकाळी प्रयोग आहे रे!"

तो प्रयोग म्हणजे काय होता, हे सांगायलाच हवं. दादा चौदा वर्षं हौशी नाटकांत काम करत होता. चौदा वर्षं त्यानं रंगमंचावर ट्रे आणले आणि ट्रे नेले. एका नाटकात "गाडी तयार आहे" एवढं एक वाक्य होतं, तेही पुढे कापलं. एकदा तर नुसता खोकला, तोसुद्धा पडद्यामागून. आणि आज पहिल्यांदा तो खुनी होता! बंगल्यात सात पाहुणे, दिवे जातात, मिट्ट काळोखात म्हाताऱ्या मालकाचा खून होतो, आणि कुणी केला ते शेवटच्या पाच मिनिटांत कळतं. त्या पाच मिनिटांत दादाचं दीड पान भाषण होतं. बिचाऱ्यानं ते ऑफिसात, जिन्यात, आंघोळ करताना, कुठे कुठे म्हणून पाठ केलं होतं.

"काळजीच सोडा," डॉक्टर म्हणाला. दादाही आठ कपवालाच, त्यामुळे छटा तीच. त्यानं दुसऱ्या काळ्या डबीत साधा मसाला काढला आणि पहिलीच्या शेजारी ठेवला. एवढ्यात मागून आवाज आला, "अगंबाई, दादा! तू इथे कसा?"

बायको! एका हातानं खिसा झाकत डॉक्टरनं दुसऱ्या हातानं डबी उचलली, दात भरला, निळा दिवा धरला, घासून गुळगुळीत केला. काम असं झकास झालं की दादा आरशासमोरून हलेना. "सुरा मात्र आता दातात धरायचा नाही," डॉक्टरनं बजावलं.

"मग त्या जागी मी क्रूर हसेन," दादा म्हणाला. "आवाज न करता. आतून."

दुपारी डॉक्टरनं उरलेल्या डबीतून बाराचा ठिपका भरून घेतला. अंधारात धरून बघितला तर बाकीचे अकरा लखलखीत आणि बारावा ठार काळा. पूड जुनी झाली असणार, असं म्हणून गड्यानं ते घड्याळ तसंच मनगटावर चढवलं. शहाणा माणूस असता तर तिथेच त्याच्या डोक्यात प्रकाश पडला असता.

संध्याकाळी दोघं तिसऱ्या रांगेत बसले. पहिला अंक उत्तम झाला. दुसऱ्यात वीज कडाडली, दिवे गेले, आणि सगळ्या नाट्यगृहात डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख झाला.

त्या काळोखात, डाव्या खिडकीपाशी, एक हिरवा दात उगवला.

तो हळूहळू खाली उतरला. सोफ्याला वळसा घालून, मधे टीपॉयला अडखळून थोडा उडाला आणि म्हाताऱ्या मालकाच्या खुर्चीमागे जाऊन थांबला. सकाळी ठरवलं होतं त्याप्रमाणे दादा जीव ओतून, क्रूर, आतून हसत होता. "आईगं!" मालक किंचाळला. दात दोनदा खाली-वर झाला आणि आल्या वाटेनं परत गेला.

प्रेक्षकांत मागून एक बाई स्पष्ट म्हणाली, "दातवाल्यानं मारलं."

त्याच क्षणी बायकोनं काळोखात डॉक्टरचं मनगट धरून आपल्या डोळ्यांपाशी नेलं. तिनं बोट टेकवत टेकवत ठिपके मोजले. एक, दोन, तीन, अकरापर्यंत आली आणि रिकाम्या जागी थांबली.

"बारावा कुठाय ते कळलं," ती म्हणाली.

तिसरा अंक कसा झाला ते विचारूच नका. इन्स्पेक्टर गरजला, "खुनी आपल्यातच आहे!" तर लोक ओरडले, "सगळ्यांना दात दाखवायला सांगा!" दादाच्या दीड पान भाषणातलं अर्धं वाक्य ऐकू आलं, बाकी सगळं हशात वाहून गेलं.

पडदा पडल्यावर डॉक्टर रंगपटात गेला. दादा एका गालावरचा रंग पुसून तसाच बसला होता. "चौदा वर्षं," तो म्हणाला, "आणि हसले रे मला."

डॉक्टरला तेव्हा स्वतःची इतकी लाज वाटली की तेवीसच्या तेवीस घड्याळं त्यानं स्वतःच्या हातानं भंगारात टाकली असती. "दादा, चूक माझी आहे," तो म्हणाला, आणि डबी, पूड, बाराचा ठिपका, काही न लपवता सगळं सांगून टाकलं. बायको दारात उभी राहून ऐकत होती. "उद्या बोलवा भंगारवाल्याला," त्यानं तिलाही सांगितलं. "मी काही बोलणार नाही."

इतक्यात दिग्दर्शक घामाघूम होऊन आत घुसला. "तो दात काढू नका!" तो ओरडला. "हात लावायचा नाही त्याला! बाहेर लोक पुढच्या शनिवारचं विचारतायत. मला सात हवेत."

"सात काय?" दादानं विचारलं.

"दात! सातही जणांना बसवा. काळोखात सगळे हसत फिरतील. मग ओळखू दे बघू कोण खुनी ते! आणि तुमचं भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतील लोक, पिन पडली तर आवाज येईल."

दादानं आरशात बघून हळूच ओठ वर केला. डॉक्टरनं बायकोकडे बघितलं. तिनं पर्समधून पेशंटची वही काढली आणि एकेका नटाला विचारून सोमवारच्या पानावर वेळा लिहायला घेतल्या. दादाचा होताच, म्हणून सहा. सहा झाल्यावर तिनं नवऱ्याच्या मनगटाकडे एकदा बघितलं आणि सगळ्यांच्या वर, दवाखाना उघडायच्या अर्धा तास आधीची वेळ टाकून, सातवी ओळ लिहिली.

डॉक्टरनं वाकून वाचलं. "घड्याळ. बाराचा ठिपका."

"अकराच दिसतायत ते बघवत नाही," ती वही मिटत म्हणाली. "पण चूळ भरायच्या भांड्यापासून लांब."