टॉवेलाखालची पारख

निपाणीच्या जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं होत नाही. टॉवेलाखाली बोटं धरून होतो. त्याच बाजारात हयात काढलेल्या रवळूआप्पाला बेळगावची निवेदिता म्हणाली, म्हैस कशी पारखता ते मोठ्यानं सांगा. म्हशींचा हा दलाल तिथंच सावध झाला. ज्यावर आपलं पोट चालतं तेच विचारणारं माणूस सरळ कसं असेल?

तिच्या कंपनीला मोबाईलमध्ये म्हैस पारखणारा सल्लागार बनवायचा होता. ती तीन म्हशींचे फोटो मांडायची. यातली वेगळी कुठली, आणि का, असं विचारायची. आप्पाला वाटे, ही पलीकडच्या दलालाचं माणूस, नाहीतर टॅक्सवाल्यांचं. वर चहाही तीच पाजायची, म्हणजे नक्कीच काळंबेरं.

मग त्यानं थाप ठोकली. धार काढल्यावर चांगल्या म्हशीची कास रिकाम्या पिशवीसारखी सुरकुतते, हे त्याला पक्कं ठाऊक. त्यानं सांगितलं उलट. धारेनंतरही टम्म राहील ती कास खरी.

पुढच्या खेपेला निवेदितानं तेच प्रश्न फिरवून विचारले. हिला संशय आलाय, हे आप्पानं ओळखलं. पण दलालाची थाप ती, जागची हलली नाही. तिनं विचारलेले बाकीचे दलाल खरं बोलले होते, पण आज एक नि उद्या दुसरं. निवेदिता म्हणाली, प्रत्येक वेळी एकच उत्तर तुम्हीच दिलंत, तेव्हा नियम तुमचाच घेणार. बरी जिरवली पोरीची, म्हणून आप्पा खूश.

दिवाळीनंतर त्याची लेक अक्काताई हिनं गुंजी गावात, सासरी, शिलाई मशीन विकून, वर उसनवारी करून दुधासाठी म्हैस घेतली. आप्पा बघायला गेला. धार संपली, दूध तांब्याभर, आणि कास तशीच टम्म. त्याचं डोकं फिरलं.

"कुणी गळ्यात बांधली गं ही? मला का इचारलं न्हाईस?"

"तुमालाच इचारलं की, आप्पा." तिनं मोबाईल पुढं केला. "ह्यात तुमचं नाव हाय. सुरकुतल्या कासेची दुसरी हुती, ती सोडली."

लहानपणी खेळायची तसा अक्काताईनं त्याच्या हातावर टॉवेल टाकला आणि खाली बोटं धरली. किती मोल, सांगा म्हणाली. आप्पाची बोटं हलली नाहीत. शेवटी तो मोठ्यानं बोलला.

"कास सुरकुतायला पायजे, बाळ. मी त्या पोरीला खोटं सांगितलं."

अक्काताईनं टॉवेलाखालचा हात काढून घेतला.