कंटिन्युटीतली नथ

केळशीच्या किनाऱ्यावर ऐतिहासिक सिनेमाचं शूटिंग लागलं आणि राणीच्या स्वागताला गावातल्या बाया उभ्या करायचं ठरलं. कपडेदागिने सांभाळायला शमिका म्हणून मुंबईची मुलगी होती. ती एवढंच म्हणाली, "दोन रांगा करा. पुढच्या रांगेला दागिने, मागच्या रांगेला साधी लुगडी."

बाकीचं आमच्या सावित्रीने केलं. सावित्री माझी धाकटी जाऊ. हळदीकुंकवाला बसवते तशा तिने बाया लावल्या. सवाष्णी पुढे, आम्ही मागे. मुंबईच्या मुलीला वाटलं, उंचीप्रमाणे लावल्या असतील.

मला पुढे उभं राहायचं होतं. राणीचं कौतुक नव्हतं, ती टेबलाशी बसून मोबाईल बघत होती. माझ्या कमरेच्या बटव्यात नथ होती. आमच्या ह्यांनी बोटीवरच्या पहिल्या पगारात दाभोळच्या सोनाराकडून केलेली, सात मोत्यांची. ते जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून नथ ट्रंकेत, आणि मी वर्षातून दोनदा तिचे मोती पुसते. एकदा ती घालून चारचौघांत उभं राहायचं, एवढं मनात होतं.

मी मागची रांग सोडली आणि पुढच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

"वयनी, तुम्ही मागे," सावित्री हळूच म्हणाली.

"मागून मला दिसत नाही."

"लोक काय म्हणतील?"

"लोक दोरीच्या मागे आहेत. त्यांना माझी पाठ दिसते."

शमिका ट्रे घेऊन आली. ठुशी प्लास्टिकची, वज्रटीक पुठ्ठ्याची, वर सोनेरी रंग. नथा चिमट्याच्या, वाळत घातलेल्या कपड्यांना लावतो तशा. सावित्रीने लावली, तिला शिंक आली, नथ वाळूत.

मी बटवा उघडला.

"आजी, ही खरी आहे?"

"नाक खरं आहे. त्याला खोटी कशाला?"

भोक बुजत आलं होतं. तार रेटली तसा रक्ताचा थेंब आला. मेकअपवाल्याने कापसाने टिपला आणि वर पावडर मारली. सावित्री समुद्राकडे बघत होती.

डायरेक्टरने कॅमेऱ्यात बघितलं आणि मला राणीच्या शेजारी उभं केलं. राणीच्या नाकातही चिमटाच होता.

शॉट झाल्यावर शमिकाने माझा फोटो काढला. "आजी, आता तीन दिवस हीच नथ हं. मध्येच काढलीत तर कंटिन्युटी तुटेल."

"तुटली तर काय होतं?"

"सगळं पहिल्यापासून परत करावं लागतं."

हे सावित्रीने ऐकलं. मी म्हटलं, एवढ्या लोकांचा खोळंबा माझ्यामुळे नको.

तीन दिवस नथ नाकात राहिली. तिसऱ्या संध्याकाळी भरजरी लुगडी जमा झाली, ठुश्या नंबरवार ट्रेमध्ये गेल्या. मी माझं पातळ नेसले आणि आम्ही दोघी घराकडे निघालो. बागेच्या बांधाशी सावित्रीने माझ्या नाकाकडे बघितलं.

"वयनी, शूटिंग संपलं."

"संपलं."

"मग ही नथ?"

"कंटिन्युटी," मी म्हटलं. "मध्येच काढली तर सगळं पहिल्यापासून परत करावं लागतं."

"किती दिवस?"

"पिक्चर लागेपर्यंत तरी. पुढचं पुढे."

घरी येऊन बांगडे साफ करायला बसले. वाकलं की नथ ओठाला लागते, हे मी नऊ वर्षांत विसरले होते.