सातव्या थरातली माती

सभागृहाच्या दारातून निघालेली रांग कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानापर्यंत गेली होती. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या कमरेला पट्टा. आणि परत येणारे चक्क काठी काखेत मारून चालत होते! पुडीबाबांनी म्हणे पृथ्वीच्या सातव्या थरातली माती आणली होती. रोज एक पुडी पाण्यातून घेतली की सांधे लोण्यासारखे होतात. बाबा सातव्या थरात लिफ्टने उतरले की शिडीने, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

खोटं कशाला बोलू, गुण येत होता. आमचे अप्पाच त्याचा पुरावा. चाळीस वर्षं शिवणयंत्र चालवून त्यांचे गुडघे कामातून गेलेले, पण तिसऱ्या पुडीला ते धडाधड जिना उतरले. आई खूश झाली. मला मात्र पंधरा दिवसांत त्यांची सुजलेली पावलं दिसली. त्यांची मूत्रपिंडं आधीच कमजोर. वेदनाशामक गोळीला हातसुद्धा लावायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. पुडी बंद करा म्हटलं, तर माझ्यावरच डाफरले, "गोळी कुठाय? माती आहे ती. तुला माझं चालणं बघवत नाही का?"

माझं डोकंच फिरलं. मी सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. भट्टीतून आलेल्या मालात काय किती आहे, हे आम्ही क्ष-किरणांनी मोजतो. प्रत्येक स्फटिक हे किरण आपल्या ठरलेल्या कोनांतच परतवतो, म्हणून आलेखावर त्याची शिखरंही ठरलेल्या जागी उमटतात. मिश्रणात घातला तरी तो जागा सोडत नाही. शिखरांच्या उंचीवरून त्याचं प्रमाण काढता येतं. साहेबांना विचारून मी अप्पांची पुडी यंत्रात ठेवली. माती गेली उडत, निघाला खडू आणि आयब्युप्रोफेन, म्हणजे दुकानात मिळणारं वेदनाशामक. तेही जवळजवळ निम्मं!

इथे मी माती खाल्ली. घाईत भुकटी काचेने दाबून बसवली होती. या औषधाचे कण चपटे, दाबले की सगळे आडवे होतात आणि एखादं शिखर उगाच फुगतं. प्रयोगशाळेतल्या आमच्या मोठ्या बाई पोट धरून हसल्या. मग भुकटी बारीक वाटली, हलक्या हाताने भरली, तेव्हा खरा हिशेब आला: खडू ऐंशी टक्के, औषध वीस. दोन ग्रॅमच्या पुडीत चारशे मिलिग्रॅम, म्हणजे अख्खी गोळी. औषध कारखान्यातल्या मैत्रिणीकडून शुद्ध औषध आणून मी त्याच प्रमाणात खडूत मिसळलं आणि दुसरा आलेख काढला.

दोन्ही आलेख घेऊन अप्पांबरोबर सभागृहात गेले. मी बोलायला लागताच बाबा गोड हसले. यंत्राला वस्तू दिसते, लहरी दिसत नाहीत, म्हणाले. लोकांनी मला खाली बसवलं.

मी गुपचूप कागद अप्पांच्या हातात दिले. कापड बेतायचे कागदी नमुने तपासावेत तसे त्यांनी ते एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. शिखरावर शिखर बसलं.

"यातला बाबांचा कुठला?"

"तुम्हीच ओळखा, अप्पा."

त्यांना ओळखता येईना. ते उभे राहिले आणि बाबांना म्हणाले, "माझ्या मुलीने खडूत गोळीचं औषध कालवलंय. ते आणि तुमची माती एकाच मापाची कशी?"

श्रद्धेला माप नसतं, असं काहीतरी बाबा पुटपुटले. अप्पांनी पायजमा वर करून नडगीवर बोट दाबलं. खळगा पडला, तो बराच वेळ भरेना. "मला गोळी वर्ज्य आहे," अप्पा म्हणाले, "आणि तुम्ही ती मला न सांगता चारलीत."

मागच्या एका काकूंनी हातातली पुडी टेबलावर परत ठेवली. मग आणखी कुणी ठेवली. दुपारपर्यंत रांग मोडली.

अप्पांची सूज उतरली. मूत्रपिंडाचं जे गेलं ते मात्र भरून येणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गुडघे पुन्हा दुखतात. म्हणून सांगते, गुण आला की लगेच हात जोडू नका. यात काय आहे, किती आहे, हे देणाऱ्याला तोंडावर विचारा, आणि पहिल्या पुडीआधी विचारा. आमच्या अप्पांनीही विचारलं, पण वीस पुड्या पोटात गेल्यावर.