अकरा गुण

“ताई, उजवा हात वर कर बघू,” हेडसिस्टरांनी तिसऱ्यांदा सांगितलं. ताई खिडकीकडे बघत राहिली. हात चादरीवर पडूनच होता.

“शून्य लिही.”

धाकटी सिस्टर पेन धरून घुटमळली. “एक देऊन टाकू का? बारा होतील. तुमची सख्खी बहीण आहे, कोण विचारणार?”

“म्हणूनच नको.”

लकव्याच्या पेशंटला बारा गुण म्हणजे व्यायामाच्या वॉर्डात आणखी एक महिना. अकरा म्हणजे मागची इमारत. तिथे अंग पुसतात, कूस बदलतात आणि वाट बघतात. हा गुणांचा तक्ता हेडसिस्टरांनीच वीस वर्षांपूर्वी एका रविवारी पट्टी घेऊन आखला होता. त्याआधी खाट वशिल्याने मिळायची. ज्याचा मेहुणा मोठा, त्याचा हात लवकर सुधारायचा. तक्ता आला आणि साहेबांचे काका नि झाडूवाल्याची आई एका रांगेत आले. तेव्हा ताईनेच पाठ थोपटली होती. “शहाणी गं माझी! आता डोळे मिटून न्याय होईल.”

डोळे मिटूनच झाला. एकदा एक शिंपी बायकोसाठी हात जोडून उभा राहिला. “मी गुणगुणलो की बोटाने ताल धरते हो ती, सिस्टर.” त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. “तालाला रकाना नाही, काका.” आवाज गोड होता, एवढंच. शिंपी पुन्हा दिसला तो मागच्या इमारतीच्या पायरीवर, बायकोच्या चपला पिशवीत भरताना.

तक्त्यावर सही करायला हेडसिस्टर खाटेवर वाकल्या. पिन निसटून एक बट कपाळावर आली. आणि ताईचा उजवा हात उठला. थरथरत, सावकाश वर आला. बट कानामागे नेली, दोनदा दाबून बसवली. लहानपणी धाकट्या बहिणीला शाळेत धाडताना बसवायची, तश्शी. मग हात पुन्हा चादरीवर.

“बघितलंत?” धाकटी सिस्टर ओरडलीच. “उचलला की! लिहू?”

“सांगितल्यावर उचलायला हवा. तीनदा सांगायचं. तसा नियम आहे.”

“अहो, चुलीत घाला तो नियम!”

“घातला असता गं. पण मग त्या शिंप्याला काय सांगू?”

कोण शिंपी, ते धाकटीला कळलं नाही. तक्ता घेऊन ती निघून गेली.

हेडसिस्टरांनी पेन खिशाला अडकवलं. मग दुसऱ्या बाजूची पिन स्वतःच काढली, तिकडचीही बट मोकळी केली आणि डोकं ताईच्या हाताशी नेऊन तशाच वाकून राहिल्या.