वाकडा सूर्य

तिसरीच्या वर्गात फळ्याच्या डाव्या अंगाला, फरशीवर खडूने आखलेला एक चौकोन होता. शंभर त्या चौकोनाला जेवढी घाबरायची तेवढी अंधाराला घाबरत नव्हती, इंजेक्शनला घाबरत नव्हती, की कोपऱ्यावरच्या त्या एका कान तुटलेल्या कुत्र्यालाही नाही. पाणी प्यायला जायचं असलं तरी ती चौकोनाला वळसा घालून जायची. जणू काही तिथे फरशीच नाही, विहीर आहे.

शंभर हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण पहिलीपासून प्रत्येक पेपरात तिला शंभर पडत गेले, तसं खरं नाव हजेरीपुरतं उरलं. शेजारीपाजारीसुद्धा शंभर म्हणत, आणि तिला ते आवडायचं. फक्त कधी कधी वाटायचं, एखाद्या दिवशी नव्व्याण्णव पडले तर हे लोक आपल्याला कोणत्या नावाने हाक मारतील? बहुतेक मारणारच नाहीत.

चौकोन आणला नव्या बाईंनी. आधीच्या बाईंच्या हातात लाल पेन असायचं आणि त्यांचं ते पेन कधी वाळत नसे. नव्या बाईंचे नियम जगावेगळे. ज्याचं काही चुकलं असेल त्याने चौकोनात उभं राहून ते सांगायचं. कुणी हसायचं नाही, का चुकलं ते विचारायचं नाही. वर्गाने एकच विचारायचं, ‘मग आता?’ आणि उत्तर चुकणाऱ्यानेच शोधायचं. दुसरा नियम त्याहून गमतीचा. कुणी ‘मला येत नाही’ म्हटलं, की सगळ्यांनी मागून एक शब्द जोडायचा, ‘अजून’. मला भागाकार येत नाही. अजून! मला शीळ वाजवता येत नाही. अजून! मुलांच्या जिभेवर तो शब्द असा काही बसला, की धांदल नावाचा मुलगा एकदा डबा पुढे ढकलून म्हणाला, मला ही भाजी खाता येत नाही, आणि अख्खा वर्ग तोंडात घास असताना ‘अजून’ ओरडला. बिचाऱ्याला भाजी संपवावी लागली.

धांदल तर चौकोनात रोजचाच. त्याची एक वही हरवायची, दुसरी सापडायची आणि तिसऱ्याच मुलाची निघायची. बाई त्याचं सगळं मन लावून ऐकायच्या. शंभरला वाटायचं, ठीक आहे, ज्यांचं चुकतं त्यांच्यासाठी हे बरं आहे. तिच्या वहीत चूक नसायचीच. म्हणजे असायची, पण कुणाच्या नजरेस पडायच्या आत ती खोडरबराने कागदाचा जीव जाईपर्यंत घासून काढायची. बाईंनी एकदा तिचं पान खिडकीपाशी उजेडात धरलं होतं. “इथे काहीतरी होतं वाटतं,” त्या म्हणाल्या. “मला ते बघायला आवडलं असतं.” इतकंच. आवाज चढवला नाही की काही नाही. पण शंभरला रात्री नीट झोप लागली नाही.

कारण घरचं शास्त्र वेगळं होतं. तिच्या आईचं औषधांचं दुकान होतं. आई चिठ्ठी वाचायची, गोळ्या काढायची, चिठ्ठी पुन्हा वाचायची आणि मगच छोट्या कागदी पाकिटाचं तोंड बंद करायची. एकदा बंद झालेल्या पाकिटाला कुणी हात लावायचा नाही. आपल्या धंद्यात चुकून चालत नाही, माणसं जातात, असं ती सहज बोलून जायची, जसं दुसरी आई पाय पुसून घरात ये म्हणेल. शंभर संध्याकाळी उंच स्टुलावर बसायची आणि ज्यांना वाचता येत नाही किंवा ज्यांचा चष्मा घरीच राहिलाय, त्यांच्या पाकिटांवर रंगपेन्सिलींनी चित्रं काढायची. सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्र. तिचे सूर्य परिसरात नावाजलेले होते.

एका संध्याकाळी आले शेजारचे रंगारी काका. जुना रंग खरवडून खरवडून त्यांच्या अंगाला खाज सुटली होती. डॉक्टरांनी दोन तऱ्हेच्या गोळ्या दिल्या. आईने पाकिटं भरली, तपासली, शंभरने चित्रं काढली. आईने काकांना बजावलं, की चंद्राच्या गोळीने झोप येते, ती घेऊन शिडीवर चढायचं नाही. काका म्हणाले, वहिनी, चंद्र बघून शिडी चढायला मी काय चोर आहे का? आईसुद्धा हसली. तेवढ्यात खोकल्याचं औषध मागत एकजण रडकं बाळ घेऊन आला, आई तिकडे वळली, काका दाराशी जाऊन कुणाशी तरी बोलत उभे राहिले. आणि शंभरला दिसलं, की आपला सूर्य वाकडा आलाय. गोल चेपलेला, किरणं केसाळ. सूर्य कसला, कोळीच तो! आता हा कोळी काकांच्या घरी जाणार, काकू बघणार, म्हणणार, शंभरने काढलाय होय हा?

तिने पटकन दोन नवी पाकिटं घेतली. प्रदर्शनात ठेवावा असा पिवळा सूर्य काढला, त्याला शोभेलसा चंद्र काढला, गोळ्या इकडून तिकडे ओतल्या आणि जुनी पाकिटं चुरगळून दप्तरात कोंबली. आई वळली तेव्हा गल्ल्याजवळ दोन सुबक पाकिटं बसली होती. आईने ती उचलून काकांना दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना काका दिसले. शाळेसमोरच्या गुदामाची उंच भिंत ते रंगवत होते. शिडी लावता लावता त्यांनी जबडा निखळेल अशी जांभई दिली आणि विचारलं, आमच्या भिंतीला शंभरपैकी किती? तिने ऐटीत सांगितलं, नव्वद, वरचा कोपरा राहिलाय. काका म्हणाले, पोरगी आहे का मास्तर! आणि वर चढू लागले.

त्या दिवशी बाईंनी काय काढावं? प्रत्येकाने दप्तराच्या तळाशी हात घालायचा आणि चुरगळून टाकलेलं काहीतरी बाहेर काढायचं. धांदलच्या दप्तरातून तर अर्धं रद्दीचं दुकान निघालं. शंभरच्या स्वच्छ दप्तरात दोनच चुरगळे होते. दाखवायचे नव्हतेच, पण बाकाखाली धरून तिने ते उलगडले. आधी सूर्य. तो तसाच वाकडा. घडीत गोळ्यांचा चुरा अडकला होता, पांढरा. मग चंद्र. त्याच्या घडीत पिवळं काहीतरी.

ती बघत राहिली.

सूर्यात पांढरा. चंद्रात पिवळा. आणि काल नव्या पाकिटांत गोळ्या ओतताना तिला किती छान वाटलं होतं! पिवळ्या गोळ्या पिवळ्या सूर्यात, पांढऱ्या गोळ्या पांढऱ्या चंद्रात. कसं शोभून दिसतंय, असंच वाटलं होतं. चित्र शोभलं की नाही तेवढंच तिने पाहिलं होतं.

म्हणजे सकाळी उठून, सूर्य बघून काकांनी घेतली ती झोपेची गोळी. ती जांभई!

खिडकीतून कुंपणाच्या भिंतीपलीकडे शिडीचं वरचं टोक दिसत होतं, आणि टोकाशी काकांची टोपी. टोपी हलत नव्हती. मग जरा हलली. मग एका बाजूला कलली आणि तशीच राहिली.

शंभरच्या मनात पहिला विचार कोणता आला असेल? खोडरबराचा. ही दोन पाकिटं फाडून खिडकीतून टाकली तर कुणालाच काही कळणार नाही. दुसरा विचार आईचा आला. उद्या लोक म्हणतील, त्या दुकानात उलटीसुलटी औषधं देतात. दुकान बंद होईल. आई तिच्याकडे बघेल. कशी बघेल, ते डोळ्यांसमोर आलं. कदाचित काकांनी आज गोळी घेतलीच नसेल. कदाचित ते मुळातच हळू रंगवतात. कदाचित. टोपी आणखी कलली.

तिने हात वर केला. आपला हात वर गेलाय हे तिला नंतर कळलं. बाईंनी मान हलवली आणि ती चालत निघाली, वळसा न घालता, थेट चौकोनात. शंभर आणि चौकोनात? धांदलने तर डोळेच चोळले.

तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. शेवटी कसंबसं निघालं, “मला सांगता येत नाही.”

“अजून,” वर्ग म्हणाला.

कुणी मुद्दाम म्हटलं नाही. सवयीने म्हटलं, हजेरीला ‘हजर’ म्हणावं तसं. पण तो शब्द तिच्या पाठीत मागून कुणीतरी हलकेच ढकलावं तसा बसला, आणि सगळं एकदम बाहेर पडलं. वाकडा सूर्य, नवी पाकिटं, पिवळ्या गोळ्या, शिडी. कुणी हसलं नाही. बाईंच्या हातातला खडू खाली पडला, तो कुणी उचलला नाही.

“मग आता?” धांदलने विचारलं, अगदी हळू.

“काकांना खाली आणायचं,” शंभर म्हणाली. “पण ओरडायचं नाही. ते दचकतील.”

बाईंनी शाबासकी दिली नाही, पाठ थोपटली नाही. तिचा हात धरला, शेजारच्या वर्गावरच्या बाईंना मुलांकडे बघायला सांगितलं आणि जिन्यातच तिच्या आईला फोन लावला. फाटकापाशी शिपाईमामा होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला, आणि एरवी घंटा द्यायलाही रमतगमत जाणारे मामा पावलं न वाजवता पळाले.

काकांनी डावा कोपर शिडीच्या पायरीत अडकवला होता. उजव्या हातात ब्रश होता आणि ते एकाच जागी रंग देत होते. वरून खाली, वरून खाली, पुन्हा तिथेच. ओघळ थेट भिंतीच्या पायथ्याशी पोचले होते. तो ब्रश थांबायचा, बराच वेळ थांबायचा आणि मग आठवण झाल्यासारखा पुन्हा चालायचा. शंभरने आयुष्यात इतकं भयंकर काही पाहिलं नव्हतं.

मामांनी शिडीला दोन्ही हातांनी मिठी मारली. बाई तिच्या कानाशी वाकल्या, “तुला ओळखतात ते. तूच बोल. रोजच्यासारखं.”

रोजचा आवाज कसा असतो तेच तिला आठवेना. “काका,” ती म्हणाली, “मी शंभर. खाली या ना. भिंतीचे मार्क बदलायचेत.”

वरून बऱ्याच वेळाने उत्तर आलं, शब्द एकमेकांना चिकटलेले. “थांब गं पोरी. डोळे जरा जड झालेत. इथेच टेकतो.”

“तिथे नाही टेकायचं. आधी डावा पाय खाली. हं. आता उजवा.”

तिने एकेक पाऊल सांगितलं, काकांनी एकेक पाऊल टाकलं. मधे एकदा पाय पायरीवर पडलाच नाही. काका लटकले, डबा निसटला, निळा रंग थेट मामांच्या डोक्यावरून पाठीवर. शंभरने ओठ चावला, पण ओरडली नाही. मामांनी डोळे मिटले आणि शिडी सोडली नाही. काकांचा पाय चाचपडला, पायरी सापडली. आता डावा. आता उजवा. जमीन लागली तसे काका भिंतीला पाठ टेकून बसले आणि बसल्या बसल्या घोरू लागले.

आई आली ती दुकानाची किल्ली मुठीत घट्ट धरून. आधी काकांपाशी बसली, नाडी बघितली, पापणी उचलली, त्यांना हलवून किती गोळ्या घेतल्या ते विचारलं. एकच. मग डॉक्टरांना फोन. डॉक्टर म्हणाले, झोपू द्या, शेजारी कुणीतरी बसा, मी येतो. तेव्हा कुठे आईने मान वळवून शंभरकडे पाहिलं.

शंभरने चुरगळलेली पाकिटं पुढे केली. “तू तपासल्यावर मी बदलली. सूर्य वाकडा आला होता.”

“सूर्य वाकडा आला होता,” आई म्हणाली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. आईचा असा आवाज शंभरने कधी ऐकलाच नव्हता. “आणि मी पाठ फिरवली. परत बघितलं नाही.”

शंभरच्या तोंडून गेलंच, सवयीने, “मग आता?”

आईने आधी तिच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग निळ्या झालेल्या शिपाईमामांकडे. “आता संध्याकाळी दुकानात ये,” ती म्हणाली.

दिवसभर शंभर एकच विचार करत राहिली. दुकानात ये म्हणजे काय? स्टूल काढून टाकलं असेल? पण स्टूल जागेवर होतं. काउंटरच्या पलीकडे कालची पाकिटं परत घेऊन काका उभे होते, झोप पुरती झालेले आणि काकूंची बोलणीही पुरती खाल्लेले. आईने दोन कोरी पाकिटं आणि रंगपेन्सिली तिच्यापुढे सरकवल्या.

“मला नाही जमणार,” शंभर म्हणाली.

मागून ‘अजून’ म्हणायला तिथे वर्ग नव्हता. पाकिटं पुढ्यात, आई वाट बघत उभी. मग शंभरने स्वतःच ओठांतल्या ओठांत तो शब्द म्हटला आणि पेन्सिल उचलली. सूर्य कालच्याहून वाकडा आला, चंद्र जेमतेम. आईने तो पाहिला. चिठ्ठी वाचली, पांढऱ्या गोळ्या भरल्या, शंभरलाही चिठ्ठी मोठ्याने वाचायला लावली, मग पिवळ्या गोळ्या चंद्राच्या पाकिटात. तोंडं बंद केली आणि दोन्ही पाकिटं स्वतःच्या हाताने काकांच्या हातात ठेवली. या वेळी ती कुणाकडेही वळली नाही.

काकांनी पाकीट दिव्याजवळ नेलं, डोळे बारीक केले. “हा सूर्य आहे का कोळी?”

शंभरचा हात आपोआप खिशातल्या खोडरबराकडे गेला आणि तिथेच थांबला.

“सूर्य आहे,” ती म्हणाली. “सकाळी घ्यायची.”

काका पाकिटं खिशात टाकून निघाले. ते शेजारच्या दारातून आत जाईपर्यंत तिने नजर काढली नाही. पण ती स्टुलावरून उठली नाही, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं बंद झालेलं पाकीट हाताशी होतं, त्याला तिने बोटही लावलं नाही.