राखलेली हिरवळ

"पोट आत घ्या," असं म्हणत शिट्टीमास्तरांनी पाणीपट्टीच्या कारकुनाचा टी-शर्ट खाली ओढला. कारकुनानं श्वास धरला तसा टी-शर्ट कमरेपर्यंत आला. श्वास सोडला तसा परत वर गेला.

"मास्तर, हा माप घेऊन शिवलाय की माप टाळून?"

"कपाटात होता तो दिलाय. तुम्हाला कुठं खेळायचंय? खेळल्यासारखं करायचं."

"मग जमेल. ऑफिसात दुसरं काय करतो?"

पत्र्याच्या खोलीत हशा पिकला. नगरपालिकेची निम्मी कचेरी तिथं खेळाडू होत होती. कुणी बुटाच्या नाड्या शोधत होतं, कुणी घड्याळ काढून पुन्हा घालत होतं. दारात क्रीडा विभागाचे अधीक्षक उभे होते. त्यांनी आयुष्यात चेंडू कधी फेकला नसेल, पण फायली या टेबलावरून त्या टेबलावर फेकण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

"महिला किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"जन्म-मृत्यू नोंदणीच्या मॅडम आहेत की."

"एकटीला सहभाग म्हणत नाहीत, मास्तर. तुमच्या घरून वहिनींना बोलवा."

मास्तरांचा हात टी-शर्टावरच थांबला. "तिचा गुडघा आहे साहेब. ऑपरेशन झालंय."

"मग चालू द्या त्यांना. चालणं हाही व्यायामच आहे. योजनेतच म्हटलंय तसं."

सरकारच्या 'सर्वांसाठी खेळ' या योजनेतून हे मैदान तयार झालं होतं आणि लोक ते वापरतात की नाही हे पाहायला आज तपासणीच्या बाई येणार होत्या. वापर दिसला तर पुढचा निधी मिळणार, त्यातून दिवे लागणार, पाण्याची सोय होणार. अडचण एवढीच होती की मैदान कुणीच वापरत नव्हतं. म्हणून वापरणारी माणसं कचेरीतून आणली होती.

कुणीच का वापरत नव्हतं, याचं उत्तर शिट्टीमास्तरांच्या गळ्यात दोरीला लटकत होतं.

पूर्वी इथं नुसती मोकळी जागा होती. धूळ, खडे, एका कोपऱ्यात मोडका रोलर. तेव्हा शाळेतली शिपाईगिरी संपवून नगरपालिकेत आलेले मास्तर या जागेची वरवर देखरेख करायचे. मास्तर हे नाव लोकांनीच दिलं होतं, शाळेत राहून तेवढं तरी पदरात पडलं. संध्याकाळी टेलर नेट बांधायचा. त्याच्याबरोबर दवाखान्यातली सिस्टर, बसडेपोतले मेकॅनिक, दुकान लवकर बंद करून येणारे दोघं-तिघं असा व्हॉलीबॉल चालायचा. आरडाओरडा इतका की पलीकडच्या इमारतीतली म्हातारी माणसं खिडकीतून निकाल ऐकायची. मास्तरांना कुणी खेळायला बोलवत नसे, पण वादाचा पॉइंट आला की सगळे त्यांच्याकडे बघायचे. शिट्टी त्यांना टेलरनंच आणून दिली होती.

मग निधी आला. सपाटीकरण झालं, कुंपण झालं, फाटक झालं आणि गालिच्यासारखं गवत अंथरलं गेलं. त्या गवतानं मास्तरांना काय केलं कुणास ठाऊक. मूलबाळ नसलेल्या माणसाची माया कुठंतरी साठलेलीच असते. ती एकदम वाट फुटल्यासारखी गवतावर गेली. सकाळी ते पाणी घालायचे, दुपारी तण उपटायचे आणि संध्याकाळी शिट्टी फुंकायचे.

"गवत रुजू द्या," ते टेलरला म्हणाले. टेलरनं ऐकलं. सरकारी काम आहे, थांबू या, असं म्हणाला.

"रुजलं का मास्तर?" काही दिवसांनी त्यानं फाटकातून विचारलं.

"रुजतंय."

मग पावसात गवत मऊ असतं म्हणून बंद. उन्हात ते जळतं म्हणून बंद. मध्ये एकदा अधीक्षकांनी येऊन फोटो काढला, तो नगरपालिकेच्या कॅलेंडरवर छापला आणि "मैदान असावं तर असं" म्हणाले. त्या दिवशी मास्तरांनी फाटकाला नवीन कुलूप आणलं. कुंपणच शेत खातं म्हणतात. या कुंपणानं शेत खाल्लं नाही, पण दुसऱ्या कुणाला तोंडही लावू दिलं नाही.

टेलर शेवटचा आला तेव्हा नेट खांद्यावर टाकून आला होता. "आता तरी रुजलं असेल," एवढंच म्हणाला. मास्तरांनी शिट्टी वाजवली. खरं तर टेलर अजून फाटकाच्या बाहेरच होता. तो हसला नाही, रागावलाही नाही. नेट घेऊन परत गेला. त्यानंतर कुणी विचारायला आलं नाही आणि मास्तरांनी ती शांतता आपल्या कर्तबगारीत जमा धरली.

बायकोचं तर त्यांना कौतुकच वाटायचं, म्हणजे स्वतःचं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणाले होते, रोज सपाट जागेवर चाला. ती सकाळी डबा घेऊन फाटकापर्यंत आली होती.

"अहो, कडेकडेनं दोन चकरा मारते."

"अगं, आज तू, उद्या सगळं गाव. नियम म्हणजे नियम."

"मऊ जमीन आहे म्हणून म्हटलं."

"मऊ आहे म्हणूनच."

तिनं डबा दिला आणि ती गेली. हा किस्सा मास्तरांनी कचेरीत अनेकदा सांगितला होता. घरच्या माणसालाही सोडत नाही, असं म्हणताना त्यांची छाती फुगायची. ती मग चालायला जायची कुठं, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

आणि आता त्याच बायकोला निरोप पाठवायचा होता.

ती आली. घरातलीच साडी, पायात कुणाचे तरी पांढरे बूट. बहुधा शेजारणीच्या मुलीचे असावेत. मास्तरांनी फाटक उघडलं. ती उंबऱ्याशी थांबावं तशी थांबली.

"येऊ ना आत?"

तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती.

"ये की," मास्तर म्हणाले आणि उगाचच कुलूप खिशात घालून पाहू लागले. ते मावलं नाही.

तपासणीच्या बाई वेळेवर आल्या. पन्नाशीच्या असाव्यात, केस आखूड, पायात कापडी बूट. अधीक्षकांनी पुढं केलेला पुष्पगुच्छ त्यांनी खुर्चीवर ठेवला आणि त्या सरळ गवतावर चालू लागल्या. सवयीनं मास्तरांचा हात शिट्टीकडे गेला. तो त्यांनी खाली घेतला.

कचेरीनं बांधलेल्या नव्या नेटपाशी खेळ चालला होता, म्हणजे चेंडू चालला होता आणि माणसं त्याला वाट देत होती. कारकुनानं सर्व्हिस केली ती मागं उभ्या असलेल्या स्वतःच्याच माणसाच्या पाठीत बसली. जन्म-मृत्यूच्या मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

"रोज खेळता?" बाईंनी विचारलं.

"वेळ मिळेल तसं," कारकून एका हातानं टी-शर्ट धरून म्हणाला.

बाईंचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. त्या खाली बघत होत्या. नेटच्या एका बाजूला गेल्या, मग दुसऱ्या बाजूला. वाकून गवतावरून हात फिरवला. मास्तरांना वाटलं, आता कौतुक होणार. एवढ्या गडबडीतही त्यांची मान थोडी वर झाली.

मग बाई कुंपणाकडे वळल्या. तिथं मास्तरांची बायको जपून पावलं टाकत चालली होती.

"तुम्ही नेहमी येता, ताई?"

"हो, येते ना. सकाळी चालते."

"कुठून?"

"अशी कडेकडेनं." तिनं हात केला. "गुडघ्याला बरं पडतं. मऊ जमीन आहे."

बाईंनी त्या कडेकडे पाहिलं. गवत घोट्याएवढं, एकसारखं, दवानं भिजलेलं होतं. त्यात आत्ताच उमटलेली तिची पावलं तेवढी दिसत होती, फाटकापासून इथपर्यंत. त्यापुढं काहीच नव्हतं.

"फार हलक्या पावलांच्या आहात," बाई म्हणाल्या.

बायकोनं एकदा मास्तरांकडे पाहिलं आणि मग बाईंकडे. "इथले मास्तर फार चांगले आहेत हो. कुणाला नाही म्हणत नाहीत."

मास्तर चार पावलांवर उभे होते. शाळेत असताना मुलांच्या उनाडक्या झाकणारे, साहेबांच्या चुका झाकणारे असे कितीतरी लोक त्यांनी पाहिले होते, स्वतःही झाकलं होतं. पण आपल्याला कुणी झाकलं की अंगावरचे कपडेच उतरल्यासारखं होतं, हे त्यांना त्या सकाळी कळलं. बायकोच्या आवाजात राग असता तर त्यांनी तो झेलला असता. तिथं नुसती सवय होती. पाहुण्यांसमोर नवऱ्याच्या सदऱ्याचं फाटकं टोक आत खोचावं, तशी.

बाईंनी जाताना अधीक्षकांना बाजूला घेतलं, पण आवाज काही खाली घेतला नाही.

"मी अशी पुष्कळ मैदानं पाहते. जिथं व्हॉलीबॉल होतो तिथं नेटच्या दोन्ही बाजूंना गवत टिकत नाही, टक्कल पडतं. माणसं चालतात तिथं वाट पडते. असं टक्कल दिसलं की मी दुसरं काही विचारत नाही, सही करते." त्या मास्तरांकडे वळल्या. "गवत सुंदर ठेवलंय तुम्ही. मी पुन्हा येईन, पण कळवून नाही."

गाडी गेली. टी-शर्ट भराभर निघाले. बायकोनं बूट काढून हातात घेतले आणि ती अनवाणी फाटकाबाहेर जाऊन मग पिशवीतून आणलेल्या चपला घालू लागली.

"एक चक्कर मार की अजून," मास्तर म्हणाले.

"नको. बूट द्यायचेत परत." आणि ती गेली.

अधीक्षक विचारात होते. थोड्या वेळानं त्यांच्या चेहऱ्यावर कचेरीत तोडगा सापडल्यावर येतो तो उजेड आला.

"मास्तर, टक्कल पाडा."

"काय?"

"खुरपं घ्या. नेटच्या इकडे एक, तिकडे एक. गोल नको, जरा वेडंवाकडं. आणि कुंपणाच्या कडेनं एक वाट खरडून काढा, पाऊल मावेल एवढी. वर पाणी मारून रोलर फिरवा. जुनी दिसली पाहिजे. त्यांना गवत नसलेलं हवंय ना? आपण देऊ."

"साहेब, लोकांनाच आत सोडलं तर?"

"सोडा ना, मी कधी नको म्हटलंय?" अधीक्षक म्हणाले. आणि ते खरंच होतं. कुलूप आणा, असं कुणीही मास्तरांना सांगितलेलं नव्हतं. "पण लोकांचा काय भरवसा? ते कधी येतील, कधी टक्कल पडेल? तुम्ही खुरपं घ्या."

मास्तर खुरपं घेऊन नेटपाशी बसले. एक गड्डा उपटला. खालची माती ओली, काळी, मुळं पांढरी आणि दाट. चांगलं रुजलं होतं गवत. कधीचंच रुजलं होतं. टेलरनं विचारलं होतं तेव्हाही रुजलेलंच होतं आणि तेव्हाही ते मास्तरांना ठाऊक होतं. उपटलेला गड्डा त्यांनी परत जागेवर ठेवला, दाबला, पण तो काही बसल्यासारखा बसेना.

संध्याकाळी त्यांनी फाटक सताड उघडलं, बाजूला दगड लावला आणि खुर्ची टाकून बसले. माणसं कामावरून परतत होती. फाटकाजवळ आली की आपोआप रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जात होती. कुणी मुद्दाम करत नव्हतं. पायांनाच तसं वळण लागलं होतं. एका बाईनं कडेवरच्या पोराला उघडं फाटक पाहून नेहमीचं वाक्य सांगितलं, "तिकडे नाही जायचं हं, शिट्टी वाजते."

मास्तर उठले. चेंडूचा आवाज कुठून येतो हे त्यांना ठाऊक होतं. रोज ऐकू यायचा. डेपोच्या मागं गेले.

भिंत आणि विजेचा खांब यांच्यामध्ये टेलरचं नेट बांधलेलं होतं. एका बाजूला भंगार बसचा सांगाडा, दुसऱ्या बाजूला रानगवत. सिस्टर ओरडत होती, "आत होता, आत होता, डोळे शिवायला टाकलेत का टेलर?" टेलर हसत होता. मग मास्तर दिसले आणि हसू थांबलं. टेलर शांतपणे खांबाकडे गेला आणि नेटची गाठ सोडू लागला. एका मेकॅनिकनं चेंडू काखेत मारला.

"इथंही बंदी आली का?" सिस्टरनं विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले. "फाटक उघडलंय, तेच सांगायला आलो. तिकडे या खेळायला."

टेलरची बोटं गाठीवरच होती. "पुन्हा कुणी साहेब येणार आहेत का बघायला?"

मास्तरांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण सकाळपासून एवढं खोटं झालं होतं की आणखी एक तोंडातून निघेना.

"येणार आहेत," ते म्हणाले. "पण मी त्याच्यासाठी नाही आलो."

टेलरनं मान हलवली, गिऱ्हाईक घासाघीस करतं तेव्हा हलवावी तशी. विश्वास ठेवला नाही आणि अपमानही केला नाही. "बघू," म्हणाला आणि गाठ पुन्हा आवळू लागला.

मास्तर खाली बघत उभे राहिले. नेटच्या दोन्ही बाजूंना जमिनीला टक्कल पडलं होतं. आणि भिंतीच्या कडेनं, खड्ड्यांना वळसा घालत, रानगवतातून एक बारीक वाट गेली होती. पाऊल मावेल एवढीच.

त्या वाटेवरून त्यांची बायको येत होती. एक हात भिंतीला टेकत, दुखरा पाय जपून ठेवत. तिनं मास्तरांना पाहिलं आणि सवयीनं ती वाट सोडून बाजूला उभी राहिली, ते जाईपर्यंत.

मास्तर वाटेवर नव्हतेच. तरी ते आणखी दोन पावलं मागं सरकले, काट्याच्या झुडपात, आणि तिथंच थांबले. बऱ्याच वेळानं तिला कळलं, ते तिलाच वाट देत होते. मग ती वाटेवर परत आली आणि त्यांच्या समोरून, भिंतीला हात लावत पुढं गेली.