तळघरातलं लाल पाणी

तळघराला बारा पायऱ्या, आणि त्या दुपारी त्यांच्यावर वीसेक माणसं दाटीवाटीनं उभी होती. सगळ्यात वरच्यांना काहीच दिसत नव्हतं, म्हणून तेच जास्त बोलत होते.

"झालं का लाल?"

"अजून नाही."

"होईल, होईल. काल झालं होतं."

खाली घोटाभर पाण्यात पाणीमहाराज झगा वर खोचून उभे होते. शेजारी अप्पांच्या स्टुलावर आई बसली होती. तिचे पाय पाण्यात होते आणि ती खोकत होती. मी तिच्यालगत, शेवटच्या पायरीवर होते.

माझे वडील, अप्पा, पुस्तकं बांधायचे. चाळीस वर्षं याच तळघरात खळ, पुठ्ठे आणि दोरा. इतक्या वर्षांत इथं पाण्याचा थेंब आला नाही. ते गेले, आणि पाचव्या दिवशी भिंतीच्या बुडाशी ओल आली. दहाव्या दिवशी फरशी बुडाली. मग मावशी या महाराजांना घेऊन आली.

"माणूस जातो, पाणी राहतं," महाराज डोळे मिटून म्हणाले. "आभाळाचं पाणी वेगळं, डोळ्यांचं वेगळं. पाऊस सकाळीच थांबला, बाहेर लख्ख ऊन आहे आणि इथं पाणी चढतंय. पावसाचं कसं असेल ते? सांगा!"

जिन्यावरच्या माना डोलल्या.

त्यांनी दोन वाट्या भरल्या, एक नळाच्या पाण्यानं आणि एक तळघरातल्या पाण्यानं. कमरेच्या पिशवीतून पिवळी पूड काढली, दोन्हींत चिमूट चिमूट टाकली. नळाचं पाणी पिवळंच राहिलं. तळघरातलं बघता बघता लाल झालं.

जिन्यावर एकच गलका उठला. मावशीनं हात जोडले.

"रक्ताचे अश्रू आहेत हे," महाराज हळूच म्हणाले. "शेवटच्या घटकेला कुणाची तरी वाट पाहिली त्यांनी. ते माणूस उशिरा आलं."

वीस माणसांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

मी दोन तास उशिरा पोहोचले होते. ते सांगायला अंतर्ज्ञान लागत नव्हतं. मावशीनं ते अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं. हे मला कळत होतं. तरीही त्या वाटीकडे पाहताना क्षणभर वाटलं, अप्पा खरंच रडत असतील तर? इतकी पुस्तकं वाचली, पण त्या क्षणी एकही मदतीला आलं नाही.

महाराजांचा हुकूम असा होता: चाळीस दिवस हे पाणी उपसायचं नाही, आणि आईनं रोज तासभर त्यात पाय सोडून बसायचं. डॉक्टरांचं म्हणणं उलटं होतं. "भिंतींवर बुरशी धरलीये. हा खोकला छातीत उतरला तर मला आवरायचा नाही. यांना आधी वर आणा."

मी आईला किती वेळा सांगितलं. ती एवढंच म्हणायची, "चाळीस वर्षं ते खाली बसले आणि मी वर. आता तरी बसू दे गं."



त्या दुपारी महाराजांनी पूड टाकताना माझ्या पांढऱ्या बाहीवर नळाच्या वाटीतला पिवळा शिंतोडा उडाला होता. गर्दी पांगल्यावर मी स्वयंपाकघरातल्या मोरीत बाही धुवायला बसले. साबण लावला मात्र, पिवळा डाग लालभडक झाला. मी बघतच राहिले. तेवढ्यात आई पाणी प्यायला आत आली, तिनं डाग पाहिला आणि सवयीनं म्हणाली, "घासू नकोस, उन्हात टाक. हळदीचा डाग साबणानं आधी लाल होतो, मग उन्हात उडतो."

बोलून झालं आणि तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"आई, हळद?"

तिनं फळीवरचा हळदीचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला आणि मोरीच्या उंबऱ्यावर बसली.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना बोलावलं. मागच्या वर्षी तळघराच्या भिंतींना चुना-सिमेंटचा गिलावा त्यांनीच केला होता. तीन पायऱ्या उतरून ते तिथंच थबकले.

"आधी मेन स्विच बंद करा! भिंतीला चालू सॉकेट, पुठ्ठे कापायच्या मशिनची वायर पाण्यात आणि वहिनी त्यात पाय सोडून बसतात? अजून जिवंत आहात, चमत्कार तो एवढाच."

वीज तोडल्यावर ते खाली गेले; लाल वाटीचं आणि साबणाच्या डागाचं मी त्यांना सांगितलं. भिंतीवर फुललेली पांढरी पूड त्यांनी बोटानं खरवडून दाखवली. "हे गिलाव्यातले क्षार. पाणी भिंतीतून आलं की ते घेऊन येतं. चुन्याचं पाणी आणि साबणाचं पाणी, हळदीला दोन्ही सारखीच, दोन्हींत ती लाल होते." म्हणजे महाराजांच्या लाल वाटीनं एवढंच सिद्ध केलं होतं, की पाणी आमच्याच भिंतीतून येतंय.

"पण मिस्त्री, ऊन असताना पाणी चढतं ते कसं?"

"माती स्पंजासारखी. आधी पिते, मग सावकाश सोडते. सकाळचा पाऊस दुपारी आत पोहोचतो."

मग ते बाहेर, घराच्या मागच्या भिंतीशी गेले. छपराच्या पन्हाळीचा पाइप भिंतीलगत खाली येऊन तिथंच संपत होता. खाली हातभर खड्डा पडला होता.

"इथं आडवा पाइप होता, गटारापर्यंत जाणारा. अप्पांनी माझ्याकडून बसवून घेतला होता. पाण्याला वाट दिली नाही तर ते आपल्या घरातून काढतं, म्हणायचे. कुठं गेला तो?"

तो कुठं होता ते मला ठाऊक होतं. अप्पा गेले त्या दिवशी भेटायला येणाऱ्यांसाठी मागच्या अंगणात खुर्च्या मांडायच्या होत्या. लोक पाइपला अडखळत होते. तो मीच उपटून कुंपणामागे टाकला होता.

त्या दुपारी महाराज नेहमीच्या वेळेवर आले. जिना भरला. त्यांनी पिशवीला हात घातला तशी आई म्हणाली, "थांबा. आज मी करते."

तिनं तीन पेले मांडले, नळाचं पाणी, साबणाचं पाणी आणि तळघरातलं. तिन्हींत आपल्या डब्यातली हळद टाकली. पहिला पिवळा राहिला, दुसरा लाल झाला, तिसराही लाल झाला.

"काय झालं, काय झालं?" वरून ओरडा.

"वहिनींनी पण लाल केलं!"

"म्हणजे त्यांनाही सिद्धी आहे?"

"चाळीस वर्षं धुणं धुतलंय," आई म्हणाली. "तीच सिद्धी. साबणाचं पाणी कुणासाठी रडतंय, महाराज?"

कुणीतरी फिसकन हसलं. महाराजांचा आवाज चढला. "बाई, या पाण्यात तुमचा नवरा आहे! त्याला उपसून फेकणार तुम्ही?"

आईनं अप्पांच्या स्टुलाकडे पाहिलं. वाटलं, ती पुन्हा त्या स्टुलावर बसणार.

"ते गेले," ती म्हणाली. "आणि ते रडत नाहीयेत."

महाराज चपला हातात घेऊन बारा पायऱ्या चढून गेले. वाट देताना मावशीनंही मान वर केली नाही.

पाणी उपसायला दीड दिवस लागला. भिजलेले पुठ्ठे आणि अर्धवट बांधलेली सहा पुस्तकं टाकून द्यावी लागली. भिंती आणि फरशी साबणानं घासली, दारं उघडी ठेवून पंखे लावले, पूर्ण सुकेपर्यंत सामान परत ठेवलं नाही. मिस्त्रींनी पन्हाळीतला पालापाचोळा काढला, खड्डा बुजवून मातीला भिंतीपासून बाहेर उतार दिला. पाइप मात्र मी स्वतः जोडला. त्यानंतर दोनदा जोराचा पाऊस झाला. फरशी कोरडी राहिली. आईचा खोकला उतरतोय.

पाइप जोडताना मी तिला सांगितलं, "आई, हा मीच काढला होता."

"खुर्च्या मांड म्हणून मीच तर सांगितलं होतं," ती म्हणाली. मग पाइपचं टोक धरून विचारलं, "म्हणजे ते खाली रडत नव्हते, त्यांना काही त्रास नव्हता ना गं?"

"नव्हता."

"बरं झालं." आणि अप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच ती रडली.

हे लिहिण्याचं कारण एवढंच. शोक असलेल्या घरात माणसं कशावरही विश्वास ठेवतात; मीही ठेवणार होते. तुमच्या घरी कुणी असा लाल पेला घेऊन आला, तर आधी दुसरा पेला भरा, आणि पूड कसली म्हणून विचारा. पाणी कुठून येतंय ते घराबाहेर जाऊन पाहा. आणि आपल्या माणसासाठी रडायचं असेल तर रडा. ते काम भिंतीवर सोपवू नका.